चांदवडच्या सुपारीत मी तोंड का उघडले

मखमलाबाद, नाशिक
शुक्रवार, सकाळ

तीर्थस्वरूप भिमाजीमामांच्या पायांवर भाचा हिरामण याचे डोके (सध्या त्याचा दुसरा काही उपयोग नाही).

इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून तसे लिहितो. तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना? हिरवी पट्टी निघाली का? डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितले असताना तुम्ही देवळ्याच्या मळ्यात निंदणाऱ्या बायकांमागे वाकून वाकून गवत दाखवत होता, असे मामींनी आईला कळवले आहे. तसे करू नये. हे सगळे फोनवरच विचारले असते, पण चांदवडहून आल्यापासून तुम्ही माझा फोन घेत नाही. बावीस दिवस झाले. पहिल्या आठवड्यात रिंग पूर्ण वाजायची, दुसऱ्या आठवड्यात ती मध्येच तुटायला लागली, आणि आता एक बाई मोठ्या मायेने सांगते की हा नंबर सध्या उपलब्ध नाही. म्हणून हे पत्र मंगळूच्या टेम्पोबरोबर पाठवतो. मंगळू उद्या फुले उतरवून देवळ्यावरूनच पुढे जाणार आहे. पत्र फाडायचे असेल तर फाडा, पण आधी वाचून फाडा.

मामा, माझ्या बहिणीची, शुभांगीची ही सोयरीक तुम्ही जमवली होती. एकलहऱ्याच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर तुम्ही आजवर अकरा लग्ने जुळवलीत, त्यांतले एकही मोडले नाही, आणि बाराव्या वेळी सख्ख्या भाच्याने चाळीस माणसांदेखत भर मांडवात तुमच्या तोंडाला काळे फासले, हे मला मान्य आहे. तुम्ही न जेवता उठलात तेही बरोबरच केलेत. (जेवण चांगले होते असे नंतर कळले. आम्हीही जेवलो नाही.) पण मी तोंड का उघडले हे तुम्हाला कोणी सांगितले नसणार, कारण ते मला एकट्यालाच माहीत आहे. ते सांगायचे तर फेब्रुवारीपासून सुरुवात करावी लागेल.

तुम्हाला माझे काम कधीच कळले नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. एवढेच लक्षात घ्या की एका अवाढव्य कंपनीत, जिचे मालक समुद्रापलीकडे बसतात, माझ्या हाताखाली अकरा माणसे होती. लॉकडाउनमध्ये मी पुणे सोडून मखमलाबादला आलो तेव्हापासून ती अकराही माणसे माझ्यासाठी पडद्यावरचे चौकोन होती. तरी चौकोनांतले कोण कधी जांभई देते, कोणाचे पोर मागे रडते, हे मला तुमच्या गावातल्या माणसांइतके पाठ होते. फेब्रुवारीत आमच्या मनुष्यबळ खात्याच्या प्रतिभा मॅडमचा फोन आला. कंपनीने यंदा विक्रमी नफा कमावला आहे, असे त्यांनी आनंदाने सांगितले. मी अभिनंदन केले. त्याच दमात त्या म्हणाल्या, तेव्हा तुमच्या अकरातली चार नावे शुक्रवारपर्यंत द्या.

मी भांडलो, मामा. खोटे सांगत नाही, तीन दिवस भांडलो. म्हटले, मॅडम, तोटा झाला असता तर समजू शकलो असतो. त्या म्हणाल्या, तोटा होऊ नये म्हणूनच. म्हटले, काम कोण करणार? त्या म्हणाल्या, कॉम्प्युटर करणार. यातली मेख अशी की गेले सहा महिने मीच त्या अकरा जणांना बसवून, तुम्ही तुमचे काम कसे करता ते बारीकसारीक लिहून काढा, असे सांगत होतो. त्यांनी लिहिले. चैताली नावाच्या मुलीने तर इतके सुंदर लिहिले की कॉम्प्युटरला एकही शंका राहिली नाही. चार नावांत पहिले नाव तिचे होते. मी तीन दिवस भांडलो आणि चौथ्या दिवशी यादी दिली. माझ्यासारख्या माणसाचा चौथा दिवस असाच असतो. चौघांना फोन मीच केले, प्रत्येकाशी अर्धा तास बोललो, दोघे रडले, एकाने माझीच समजूत काढली. नंतर प्रतिभा मॅडमची मेल आली की तुम्ही हे काम फार माणुसकीने केलेत.

पाडव्याच्या आधी पाच दिवस पुन्हा त्यांचा फोन. या वेळी त्या कागद समोर धरून वाचत होत्या हे आवाजावरून कळत होते. कंपनीच्या नियमाप्रमाणे आठपेक्षा कमी माणसांच्या गटाला स्वतंत्र मॅनेजर लागत नाही. तुमच्या गटात सध्या सात आहेत. (सात कोणी केले? मी केले.) तेव्हा तुमची जागा रद्द होत आहे, तुमच्या पुढील प्रवासाला शुभेच्छा. नऊ मिनिटे लागली. अठरा वर्षांना नऊ मिनिटे. मी आभार मानून फोन ठेवला, कारण आपल्याला वळण लावणारी आई आहे.

आता खरी चूक इथून पुढची. मी घरी सांगितले नाही. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता पाडवा आला, सणाला कशाला, पाडव्यानंतर आईचा गुरुवार होता, आणि मग इतके दिवस झाले की आता सांगितले तर आधी का नाही सांगितले याचेही उत्तर द्यावे लागले असते. कंपनीचा लॅपटॉप कुरियरवाला घेऊन गेला तेव्हा मी तो दुरुस्तीला गेल्याचे सांगितले आणि माळ्यावरचा जुना, बॅटरी मेलेला लॅपटॉप टेबलावर मांडला. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर दहाला वरच्या खोलीत जायचो, दार लावायचो आणि मीटिंग घ्यायचो. एकटाच. इंग्रजीत, खालपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात. आई गल्लीतल्या भाजीवाल्याला गप्प करायची, म्हणायची, हळू वरड रं, आमच्या हिरामणचं अमेरिकेशी बोलनं चाललंय. सुरुवातीला मी नुसते हो-हो म्हणायचो, पण हो-हो किती वेळ म्हणणार? मग मी स्वतःशी मतभेद दाखवायला लागलो. एकदा तर अर्धा तास स्वतःशी वाद घातला आणि हरलो. शनिवारी सुट्टी घ्यायचो. एका शुक्रवारी तर थकवा आला म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागितली, आणि काम फार आहे म्हणून नाकारली. हे वाचून तुम्हाला हसू येत असेल. मलाही यायचे. त्या खोलीत मी बराच हसायचो.

दुपारी, आई झोपली की, नोकऱ्या शोधायचो. मामा, हल्ली मुलाखतसुद्धा माणूस घेत नाही. पडद्यावर एक गोड चेहऱ्याची बाई येते, ती बाई नसतेच, आणि विचारते की तुमची सगळ्यात मोठी उणीव कोणती? मी पहिल्यांदा प्रामाणिकपणे सांगितले की मी नाही म्हणू शकत नाही. ती म्हणाली, छान, पुढचा प्रश्न. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एका जागेसाठी फार मोठा असतो आणि दुसऱ्या जागेसाठी फार महाग. एके दिवशी त्या चैतालीचाच मेसेज आला. सर, तुमचेही गेले असे कळले, काळजी करू नका, मला नवी नोकरी मिळाली आहे, जागा निघाली तर तुमचे नाव सुचवते. मी तो मेसेज सतरा वेळा वाचला. उत्तर अजून दिलेले नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर लगेच दिले असते.

अशा अवस्थेत तुम्ही चांदवडचे स्थळ आणले. मुलगा पुण्यात, मोठ्या कंपनीत, एकुलता एक. बाप कांद्याचा व्यापारी, यादवशेठ म्हणजे तालुक्यात नाव. शुभांगीने मुलगा पाहिला, बरा वाटला म्हणाली. (ती एवढेच म्हणते. स्वतः उभारलेल्या शेडनेटमधल्या पहिल्या जरबेराच्या फुलालाही ती बरे आहे एवढेच म्हणाली होती.) सुपारी ठरली. बाप नसलेल्या घरचा कर्ता भाऊ म्हणून मी सगळ्यात पुढे, तुमच्या शेजारी, कोसा रंगाचा फेटा बांधून बसलो होतो हे तुम्हाला आठवत असेल.

चहा झाल्यावर यादवशेठ रंगात आले. पेपरात त्या दिवशी कुठल्याशा कंपनीने हजारो माणसे काढल्याची बातमी होती, त्यावरून विषय निघाला. त्यांचे बोलणे तुम्ही ऐकलेच आहे, तरी लिहितो, कारण माझ्या कानातून ते अजून जात नाही. म्हणाले, "माणसं काढत्यात ते लय बरोबर हाय. लॉकडाउनात घेतली भाराभर, आता काय पोसत बसायचं का? आमच्या चाळीत कांदा भरला की म्हैना-म्हैन्याला वरखाली करून बघावा लागतो. सडका निघाला की काढून फेकायचा. माया केली आन ठिवला, तर शेजारचे धा नासवितो." चाळीस माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, सवयीने.

पण त्याच वेळी माझे लक्ष नवऱ्या मुलाकडे गेले, राजकडे. तो माझ्यासमोर बसला होता, फोन मांडीवर पालथा. गुरुवारची दुपार, ऐन कामाची वेळ. मामा, कंपनीत काम करणाऱ्या माणसाचा फोन अशा वेळी दर दोन मिनिटांनी वाजतो, रजेवर असला तरी वाजतो, मयतीला गेला तरी वाजतो. त्याचा फोन तासाभरात एकदाही वाजला नव्हता. हे मला कसे कळले? माझाही वाजला नव्हता. मी विचारले, "राजराव, काम कसं चाललंय?" तो म्हणाला, "एकदम मस्त, फार शिकायला मिळतंय." आणि हसला. ते हसू मी रोज सकाळी दहाला जिना चढताना वापरत असे.

मी म्हणालो, चला, तुमची चाळ तरी दाखवा. दोघे मागे गेलो. नवी भरलेली चाळ, उन्हाळ कांद्याचा तो उग्र, कोरडा वास, फळ्यांच्या फटींतून येणारे ऊन. मी एवढेच विचारले, "कधी?"

तो चपापला नाही. खाली वाकून एक कांदा उचलला, त्याची साल हाताने चोळत म्हणाला, "संक्रांतीनंतर. तुम्ही?"

"पाडव्याच्या आधी."

"घरी माहिती आहे?"

"नाही. तुमच्या?"

"नाही. मी रोज पुण्यात अभ्यासिकेत जाऊन बसतो. स्पर्धा परीक्षेची पोरं मला सर म्हणतात." हातातला कांदा परत ठेवत म्हणाला, "दादांना सांगायला तीनदा आलो होतो. तीनही वेळा ते कांद्याचं बोलले."

मोठा भाऊ म्हणून मी त्याला तिथेच धरायला हवे होते. म्हणालो, बाबा रे, आत जाऊन सांग, माझ्या बहिणीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "आधी तुम्ही सांगा. तुम्ही मोठे आहात." दोघे परत येऊन बसलो, दोघांच्याही फेट्यांना कांद्याची साले लागलेली. तुम्ही माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विचारलेत, काय झाले? मी मान हलवली. त्याचा अर्थ तुम्ही 'काही नाही' असा घेतलात, मला 'सगळेच' असे म्हणायचे होते.

आणि नेमके तेव्हाच यादवशेठ माझ्याकडे वळले. "हिरामणशेठ, तुम्ही येवढे मोठे सायेब. तुमीच सांगा आता, कंपनीनं मानसं काढावी का नाय?"

मामा, मला काढावीत म्हणून सांगता आले असते. राज वाचला असता, मी वाचलो असतो, सुपारी फुटली असती, तुमची बारावी सोयरीक झाली असती. आणि खरे सांगू का, यादवशेठ अगदीच चूक नव्हते. लॉकडाउनमध्ये आम्ही अशी भरती केली होती की एका बटणाचा रंग निळा करायला तीन माणसे होती, आणि त्यांतला एक फक्त बाकीच्या दोघांना रंग विचारायचा. पण त्यांना घेतले कोणी? त्यांनी स्वतः नाही घेतले. ज्यांनी घेतले ते आजही तिथेच बसले आहेत, आणि ज्यांना घेतले त्यांना निवडून फेकून दिले. कंपनी बुडत असेल तर माणसे कमी करावी लागतात, हे कोणालाही कळेल. पण पोट गच्च भरलेल्या माणसाने ढेकर देता देता म्हणायचे की आता चार ताटे उचला, याला व्यवहार म्हणतात का? सडका कांदा हाताला लागतो, त्याचा वास येतो. चैतालीला कसला वास येत होता? मी अठरा वर्षांत कुठे सडलो होतो, ते मला कोणीतरी दाखवा. हे सगळे मला तिथे मुद्देसूद मांडायचे होते. तोंडातून निघाले ते एवढेच, की काढावीत-काढू नयेत ते नंतर बघू, पण मला काढले आहे, दोन महिने झाले, आणि मी घरात कोणाला सांगितलेले नाही.

आईने पदर तोंडाला लावला. आणि राज उभा राहिला. "दादा, मलापण," बापाला म्हणाला. "चार महिने झाले."

यादवशेठ पोराकडे वळले. मला वाटले ओरडतील, हात उचलतील. त्यांनी फक्त विचारले, "मंग रोज जेवतो कुठं?" राज म्हणाला, "डबा असतो." मागून कोणीतरी (तुमच्या बाजूचा होता, नाव घेत नाही) पुटपुटला, "शेठ, आता चाळ वरखाली करा." कोणी हसले नाही. यादवशेठ उठून मागे गेले ते पुन्हा मांडवात आलेच नाहीत.

मग शुभांगी बोलली. लोक म्हणतात, मुलीने सुपारीत बोलायला नको होते. मला वाटते, सबंध मांडवात शहाणे तीच एकटी बोलली. "नोकरी नाही याचं मला काही नाही. माझी फुलं आहेत, मी कमावते. पण हे राजराव चार महिने बापाशी खोटं बोलले, आणि हा माझा भाऊ दोन महिने आमच्याशी. असला एक माणूस घरात आहेच माझ्या. आणखी एक कशाला?" असे म्हणून तिने हातातले तबक खाली ठेवले. पुढचे तुम्ही पाहिले नाही, तुम्ही चप्पल शोधत होता.

येताना पिंपळगावच्या टोलनाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. तिथे रांगेत उभे असताना तुमची भाचेसून सविता म्हणाली, "मला माहीत होतं." मी विचारले, कधीपासून? "दुसऱ्या आठवड्यापासून. आपलं इंटरनेट तीन दिवस बंद होतं. तुम्ही तीन दिवस मीटिंगा घेतल्या." मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "खोलीत तुमचं हसू ऐकू यायचं. बाहेर आलात की हसत नव्हतात. म्हटलं, राहू दे." मामा, माझ्यावर रागावलेल्या माणसांची मला आता सवय झाली आहे. या वाक्याचे काय करायचे ते मला कळलेले नाही.

घरी आल्यावर आईला सगळे नीट समजावून सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजी वर कुनीच नव्हतं?" म्हटले, नाही. "अमेरिका बी नव्हती?" नाही. पदर खोचत म्हणाली, "मंग उद्या धाचा च्या वर आनू, का खालीच पेशील?" मी खाली पितो. पण तेव्हापासून ती भाजीवाल्याला गप्प करत नाही. तो दारात ओरडतो आणि ती ऐकत उभी राहते.

यादवशेठांचा परवा मला फोन आला, तुमच्याकडे आला का ते माहीत नाही. आवाज पार बसला होता. म्हणाले, अशी कशी काढत्यात हो माणसं, कारण तरी सांगायला पायजे. वीस ट्रॅक्टर घेऊन कंपनीच्या गेटावर जायची त्यांची तयारी आहे, गेट कुठे आहे तेवढे मी सांगावे. मी त्यांना कसे समजावू की त्या कंपनीला गेट नाही? पुण्यातल्या काचेच्या इमारतीत जो वॉचमन आहे तोसुद्धा दुसऱ्याच कंपनीचा आहे, आणि त्याचीही मुदत महिन्यागणिक वाढवतात. मी म्हणालो, कळवतो. राज हल्ली चाळीत कांदे निवडतो म्हणे. बाप त्याच्या शेजारी बसतो, पण सडका निघाला तर दोघेही तो तसाच ठेवतात.

तर मामा, मी तोंड का उघडले ते असे आहे. तुमची मान खाली गेली याबद्दल मी तुमचे पाय धरतो. पण एक गोष्ट या सगळ्यातून मी शिकलो, आणि ती तुमच्या साक्षीने लिहून देतो. यापुढे हा हिरामण उपाशी राहील, शुभांगीच्या शेडनेटमध्ये फुले तोडील, मंगळूच्या टेम्पोवर हमाली करील, पण कोणत्याही कंपनीसाठी माणसे काढायच्या यादीला हात लावणार नाही. मला कोणी सिंहासनावर बसवले तरी नाही. मामींना नमस्कार, तुमच्या भिकाच्या लेकरांना पापे, आणि तुमच्या डोळ्याला जपा.

तुमचा, न विचारता बोलणारा आणि विचारल्यावर गप्प बसणारा,
हिरामण

ता. क. मंगळूबरोबर जरबेराच्या दोन पेंड्या पाठवल्या आहेत, शुभांगीने दिल्या. ती तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही आणखी स्थळे बघू नयेत एवढेच तिचे म्हणणे आहे.

ता. क. २. हे पत्र मामींकडून वाचून घेणार असाल तर इथे थांबा आणि त्यांना पाणी आणायला पाठवा. पुढचे सविताला कळता कामा नये.

ता. क. ३. काल प्रतिभा मॅडमचा फोन आला होता. त्या सातांचे आता तीन करायचे आहेत. शिवाय आणखी सहा गटांचेही करायचे आहे. सहा आठवड्यांचे काम आहे, करारावर. म्हणाल्या, तुमच्याइतके माणुसकीने हे कोणालाच जमत नाही. मी ठाम नकार द्यायला तोंड उघडले आणि त्यातून 'हो' आले. वरची प्रतिज्ञा मी त्यानंतर लिहिली आहे. लिहिल्यावर नकार देण्याचे बळ येईल असे वाटले होते. आत्ता पत्र पुन्हा वाचून पाहिले. आलेले नाही.

ता. क. ४. खरे तर एवढ्यासाठीच पत्र लिहिले. सोमवारी सकाळी दहाला पहिली मीटिंग आहे, या वेळी खरी. तुम्ही पावणेदहाला मला फोन करा आणि शिव्या द्या. कंपनीविषयी काही बोलू नका, माझ्याविषयीच बोला, जितके येते तितके, साडेदहापर्यंत तरी थांबू नका. मी मध्ये 'ठेवतो' म्हणालो तरी ठेवू देऊ नका. पहिल्याच दिवशी उशिरा येणारा माणूस त्यांना चालत नाही. आणि माझा फोन लागलाच नाही, तर समजा की मी मीटिंगला बसलो.